सहलीची बस ठरविताना

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





वर्षाचा जमाखर्च व ताळेबंद छापील स्वरूपात आपल्या हाती आहेतच. त्यांवर खजिनदारांचे निवेदन यानंतर होईल. विश्वस्त मंडळाने मला आज थोडा वेळ एका वेगळ्या विषयासाठी दिला आहे. तो विषय म्हणजे सहली, यात्रा आणि लग्नकार्ये यांसाठी ठरविल्या जाणाऱ्या बसगाड्यांची सुरक्षितता. रुग्णालयाच्या सभेत हा विषय कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु आपल्या दारात येणाऱ्या प्रत्येक दुखापतीचा आरंभ दुसरीकडे कोठे तरी झालेला असतो. आजार टाळता येत असेल तर तो टाळावा, हे आपण मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या शिबिरांतून सांगत आलो आहोत. अपघाताच्या बाबतीतही तेच सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. मला शस्त्रक्रिया कळत नाही आणि मोटारीचे इंजिनही कळत नाही. हिशेब मात्र कळतो. म्हणून हा विषय मी हिशेबाच्या बाजूने मांडणार आहे.

आपले कारेगाव पुणे-अहिल्यानगर महामार्गावर वसलेले आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरला धावली, ती याच मार्गाने. आज शिर्डीला आणि शनिशिंगणापूरला निघालेले असंख्य भाविक या रस्त्याने जातात. शेजारीच रांजणगावचा महागणपती असल्यामुळे अष्टविनायक यात्रेच्या गाड्या वर्षभर आपल्या परिसरात येत असतात. औद्योगिक वसाहतीमुळे विदर्भ-मराठवाड्यातून आलेली अनेक कुटुंबे येथे राहतात. दिवाळीला, उन्हाळ्याच्या सुटीत आणि गावाकडच्या लग्नकार्यांना ती रात्रीच्या खासगी गाड्यांनी जातात. कारखान्यांच्या कौटुंबिक सहली, महिला बचत गटांची देवदर्शने, भजनी मंडळे, ज्येष्ठ नागरिकांचे संघ, शाळा आणि वऱ्हाडे यांची भर वेगळीच. आयुष्यात एकदाही बस ठरविली नाही किंवा ठरविण्यात भाग घेतला नाही, अशी व्यक्ती या सभागृहात विरळाच असेल.

आता थोडे मागे वळून पाहू. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिक येथे छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर यवतमाळहून मुंबईस निघालेली खासगी बस मालवाहू वाहनावर आदळून पेटली. १२ प्रवासी मृत्युमुखी पडले. १३ जानेवारी २०२३ रोजी अंबरनाथ परिसरातून शिर्डीच्या दर्शनास निघालेल्या बसला सिन्नर-शिर्डी मार्गावर पाथरे गावाजवळ अपघात झाला; १० जण गेले. १५ एप्रिल २०२३ रोजी पुण्यातील कार्यक्रम आटोपून गोरेगावला परतणाऱ्या वादक पथकाची बस खोपोलीजवळ बोरघाटात दरीत कोसळली. १३ जण दगावले. आणि १ जुलै २०२३ रोजी नागपूरहून पुण्याकडे येणारी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. तीत २५ जणांचा अंत झाला. म्हणजे जेमतेम नऊ महिन्यांत, आपल्या एका राज्यात, अशा चार बसगाड्यांत सुमारे ६० माणसे गेली.

या चार अपघातांची कारणे एकसारखी नव्हती. कोठे समोर मालवाहू वाहन होते, कोठे दुभाजक होता, कोठे दरी होती. परंतु चारही घटना एकापुढे एक मांडल्या असता एक गोष्ट सहज लक्षात येते. सिंदखेडराजाचा अपघात मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास झाला, नाशिकचा आणि खोपोलीचा पहाटे, पाथऱ्याचा सकाळी, गाव नुकते जागे होत असताना. चारही गाड्या रात्रीच्या किंवा पहाटेच्या प्रवासात होत्या. मध्यरात्र ते पहाट या वेळेत मनुष्याच्या शरीरातील जागेपणाची शक्ती सर्वांत क्षीण असते, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले आहे. आपले डॉक्टर हेच कारण सांगून रात्रपाळीच्या परिचारिकांची अदलाबदल करण्याचा आग्रह धरतात. रुग्णालयात जी काळजी आपण घेतो, तीच काळजी बस ठरविताना घेतो काय, हा माझा आजचा प्रश्न आहे.

डुलकी म्हणजे काय, याचा हिशेब करून पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. चालकाचा डोळा केवळ चार सेकंद लागला, तर ती जवळजवळ ९० मीटर अंतर कोणाच्याही ताब्यात नसताना कापते. अशी डुलकी येऊन गेल्याचे पुष्कळदा त्या चालकासही समजत नाही. रस्ता जितका सरळ, रुंद आणि निर्मनुष्य, तितकी ती येण्याची शक्यता अधिक. चहा, तंबाखू, गाण्यांचा मोठा आवाज आणि तोंडावर पाण्याचा हबका हे थोड्या वेळाचे उपाय होत. झोपेवर खरा उपाय एकच, आणि तो म्हणजे झोप.

आता आपल्या ओळखीच्या अष्टविनायक यात्रेकडे पाहावे. आठ स्थानांपैकी पाच पुणे जिल्ह्यात, दोन रायगड जिल्ह्यात आणि एक अहिल्यानगर जिल्ह्यात. सर्व दर्शने करावयाची तर अंतर ६०० किलोमीटरांहून अधिक होते. आपण बसमालकास सांगतो, ‘दोन दिवसांत आठही गणपती झाले पाहिजेत.’ पहाटे पाचला गाडी निघते. मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव करीत रात्री दहाला ती ओझरला पोहोचते. प्रवासी भक्तनिवासात जातात, जेवतात, गादीवर पाठ टेकतात. चालक गाडी पुसतो, उरलेसुरले जेवतो आणि गाडीतल्याच बाकावर किंवा खाली सामानाच्या डिकीत अंग टाकतो. डासांत, उकाड्यात त्याला किती झोप लागली हे कोणी विचारीत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गाडी सुरू. लेण्याद्री, महड, पाली, आणि त्या रात्री बोरघाट चढून परत. त्या घाटात स्टिअरिंगवर असलेला मनुष्य दोन दिवसांत धड पाच-सहा तासही झोपलेला नसतो. आपण देवदर्शनास निघालो असतो आणि आपले प्राण ज्याच्या हाती सोपविलेले असतात, त्याच्या झोपेची व्यवस्था मात्र आपल्या यादीत नसते.

यात बसमालकास एकट्यास दोष देणे न्यायाचे होणार नाही. गाडीवर कर्ज असते, हप्ता असतो, विमा, कर, टायर आणि डिझेल यांचा खर्च असतो. पावसाळ्यात गाडी उभी राहते. त्यात आपण चार ठिकाणी दर विचारतो आणि जो सर्वांत कमी सांगेल त्यास काम देतो. पाचशे रुपयांसाठी घासाघीस करतो. ही घासाघीस शेवटी कोठून वसूल होते? इंजिनाला डिझेल कमी घालता येत नाही, टोल चुकविता येत नाही. कमी करता येतो तो दुसरा चालक, लांबणीवर टाकता येतात ती नवी टायरे आणि ब्रेकचे काम. म्हणजे आपण ज्याला सूट समजतो, ती पुष्कळदा सुरक्षिततेच्या खात्यातून काढलेली रक्कम असते. पावतीवर ती कोठेही दिसत नाही.

वाणिज्याच्या अभ्यासात स्वस्त आणि किफायतशीर यांतील भेद आम्हांस शिकविला जात असे. तो येथे लावून पाहू. दुसऱ्या चालकाचा दोन दिवसांचा मेहनताना आणि जेवणखाण मिळून चार हजार रुपये धरले, तर ४५ प्रवाशांच्या गाडीत माणशी ९० रुपयेही पडत नाहीत. चालकांसाठी भक्तनिवासात एक खोली घेतली, तर माणशी आणखी थोडेसे रुपये पडतील. दोन दिवसांऐवजी यात्रा तीन दिवसांची केली, तर खर्च वाढेल हे खरे. परंतु मग रात्रीचा घाट टळेल. आता दुसऱ्या बाजूस मांडा, एका मोडलेल्या मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया, मेंदूला मार लागलेल्या रुग्णाचे अतिदक्षता विभागातील दिवस, महिनोन्‌महिने बुडणारी मजुरी, आणि घरातील कर्ता गेल्यावर शाळा सोडणारी मुले. प्रशासक या नात्याने अशा देयकांवर सही करण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या देयकात नव्वद रुपये शोधूनही सापडत नाहीत.

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न केवळ चालकाच्या सद्‌बुद्धीवर सोडलेला नाही. युरोपीय संघात २००६ च्या नियमानुसार बसचालकाने साडेचार तास गाडी चालविल्यानंतर ४५ मिनिटांची विश्रांती घेतलीच पाहिजे. दिवसाचे चालविण्याचे तासही सामान्यतः नऊपर्यंत मर्यादित आहेत, आणि त्यांची नोंद गाडीतील यंत्र आपोआप करते. आपल्याकडेही कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घालून दिली होती, आणि मोटार वाहन कायद्याने ती चालकांस लागू केली होती. आठ तासांचा दिवस हे तत्त्व नव्या कामगार संहितेतही आहे. परंतु लहान मालकाच्या एकट्या गाडीवर रात्री दोन वाजता कायदा पाहावयास कोण येणार? तेथे हजर असतो तो फक्त गाडी ठरविणारा. म्हणून मी असे म्हणतो की, सुरक्षिततेचा पहिला तपासनीस परिवहन अधिकारी नसून आपण स्वतः आहोत.

आता गाडीविषयी. अपघात झालाच, तर त्यातून माणसे वाचतात की नाही, हे पुष्कळसे बाहेर पडण्याच्या वाटांवर अवलंबून असते. आपल्या बसचे मुख्य दार डाव्या बाजूस असते. बस डाव्या कुशीवर पडली की ते दार जमिनीखाली दबते. उजव्या बाजूच्या खिडक्या डोक्यावर आकाशाकडे जातात; तेथवर हात पोहोचत नाही. अशा वेळी उरतात त्या तीन वाटा: पुढची काच, मागची काच आणि छतावरील झडप, जी गाडी आडवी झाल्यावर भिंतीतील दारासारखी होते. सिंदखेडराजाच्या अपघातात दाराची बाजूच खाली गेली होती. जे थोडे प्रवासी वाचले, ते काच फोडून बाहेर आले. म्हणून आपत्कालीन दारासमोर जादा आसन बसविलेले असेल, छताची झडप रंगाने किंवा पत्र्याने बंद झालेली असेल, मागच्या काचेला लोखंडी जाळी असेल, तर ती गाडी कितीही चकचकीत दिसली तरी तीत बसू नये.

काच फोडण्याचेही एक तंत्र आहे. बाजूच्या खिडक्यांची काच टणक केलेली असते. टोकदार हातोडीने तिच्या कोपऱ्याजवळ घाव घातला असता तिचे बारीक तुकडे होतात. मधोमध मारल्यास ती सहजासहजी फुटत नाही. पुढची काच दोन थरांची असते. ती तडकते, पण गळून पडत नाही, तिला ढकलून बाहेर काढावे लागते. ही माहिती सांगण्यास दोन मिनिटे लागतात. विमानात प्रत्येक उड्डाणापूर्वी ती सांगतात. नारळ फोडून आणि जयघोष करून गाडी निघते, त्याच वेळी सहलीच्या प्रमुखाने ही दोन मिनिटे घेतली तर कोणाची हरकत असणार आहे?

शयनयान गाड्यांच्या बाबतीत अधिक सावध राहावयास हवे. दोन मजली बिछाने, मधली अरुंद वाट, पडदे, फोम आणि रेक्झिन यांनी भरलेल्या जागेत धूर फार वेगाने पसरतो. ज्वाला पोहोचण्यापूर्वीच तो गुदमरवून टाकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने राजस्थानात जैसलमेरजवळ आणि आंध्र प्रदेशात कर्नूलजवळ दोन वातानुकूलित शयनयान बसगाड्या पेटल्या. पहिल्या घटनेत वीसहून अधिक माणसे गेली, दुसऱ्या घटनेत १९ प्रवासी. केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम करून लांब पल्ल्याच्या नव्या बसगाड्यांच्या प्रवासी कक्षात आगीची सूचना देणारी आणि ती विझविणारी यंत्रणा आवश्यक केली आहे. जुन्या गाड्यांत ती असेलच असे नाही. म्हणून विचारून घ्यावे. गॅस सिलिंडर, स्टोव्ह, फटाके, पेट्रोल यांना बसमध्ये जागा देऊ नये. सहलीस निघताना स्वयंपाकाचे सामान बरोबर घेण्याची आपली जुनी पद्धत आहे. ते सामान वेगळ्या वाहनाने न्यावे किंवा मुक्कामाच्या ठिकाणी भाड्याने घ्यावे.

घाटाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या सहलींत घाट असतोच. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचारी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाले होते. आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत कोसळली आणि त्यातून केवळ एक सहकारी वाचला. २० डिसेंबर २०२४ रोजी लोहगावहून महाडकडे निघालेल्या वऱ्हाडाची बस ताम्हिणी घाटात उलटली. पाच जणांचा मृत्यू झाला. हे दोन्ही अपघात दिवसाउजेडी झाले. म्हणजे रात्र टाळली की सर्व धोका टळला असे नव्हे. अनुभवी चालक सांगतात की, ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल केली, तर इंजिनाचा लगाम सुटतो, सारा भार ब्रेकवर येतो आणि सतत दाबल्याने तापलेले ब्रेक ऐन वळणावर निकामी होतात. छतावर सामान रचले की गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती कलंडण्याची भीती वाढते. चालकाच्या केबिनमध्ये चार मित्र बसवून गप्पा मारणे, त्याला व्हिडिओ दाखविणे, ‘अजून थोडे दामट, आरती चुकेल’ असा लकडा लावणे, हे सर्व आपण प्रवासीच करतो.

टायर फुटल्याने अपघात झाला असे आपण नेहमी ऐकतो. टायर फुटण्यामागे बहुधा कमी हवा, जादा भार आणि झिजलेले किंवा जुने रबर असते. टायरच्या बाजूवर चार आकडे उमटविलेले असतात. पहिले दोन आठवडा दाखवितात आणि पुढचे दोन वर्ष. ते वाचण्यास मेकॅनिकची गरज नाही. पुढच्या चाकांना पुन्हा रबर चढविलेली टायरे असू नयेत, कारण गाडीची दिशा त्याच दोन चाकांवर असते.

कागदपत्रांकडेही पाहावे. सहलीस येणाऱ्या गाडीस पर्यटन परवाना किंवा कंत्राटी वाहनाचा परवाना असला पाहिजे, आणि तिच्या क्रमांकाची पाटी पिवळी असते. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतल्यास, दुर्दैवाने काही घडले तर विम्याची भरपाई मिळविताना अडचण येते. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचे योग्यता प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी आणि त्याहून जुन्या गाडीचे दरवर्षी नवे करावे लागते. सरकारच्या एमपरिवहन या मोबाइल सेवेवर गाडीचा क्रमांक टाकला की योग्यता, विमा आणि परवाना यांची मुदत घरबसल्या पाहता येते. लग्नासाठी मुलाकडची चौकशी आपण तीन गावांत करतो. त्याच लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीची चौकशी पाच मिनिटांत होत असताना ती करीत नाही, हे बरे नव्हे. खासगी गाडीचा भरवसा वाटत नसेल, तर एसटी महामंडळ प्रासंगिक करारावर बस देते, तोही पर्याय विचारात घ्यावा. दर थोडा अधिक वाटला, तरी गाडीची देखभाल आणि चालकांचे प्रशिक्षण यांची एक यंत्रणा तिच्यामागे उभी असते.

आता रुग्णालयाच्या अनुभवातील एक बाब. बसचा अपघात म्हणजे एकाच वेळी वीस-पंचवीस जखमी. कोण बेशुद्ध, कोण भेदरलेले, कोणाचा मोबाइल हरवलेला. डॉक्टर आधी कोणाला पाहावयाचे ते ठरवितात. आमच्या कार्यालयाचे काम असते ते नाव, वय, रक्तगट, पूर्वीचे आजार आणि घरचा दूरध्वनी मिळविण्याचे. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असलेल्या ज्येष्ठास किंवा मधुमेह्यास त्या एका ओळीच्या माहितीने वेगळे उपचार मिळतात. ‘अनोळखी’ असा शब्द नोंदवहीत लिहावा लागतो, तेव्हा एका कुटुंबाची रात्रभराची वणवण सुरू होते. सिंदखेडराजाच्या दुर्घटनेनंतर ओळख पटविणेच अशक्यप्राय झाल्याने बहुतेक मृतांवर बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले, हे आपण विसरलो नसू. म्हणून प्रवाशांची यादी दोन प्रतींत करावी. एक सहलीच्या प्रमुखाजवळ, दुसरी गावात घरी राहिलेल्या जबाबदार व्यक्तीजवळ.

आणि रस्त्यावर अपघात पाहिल्यास? १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ क्रमांकावर पोलिसांची मदत मागवावी. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरावे, जखमीस पाणी पाजू नये, आगीचा धोका नसेल तर मान वळवून ओढाताण करू नये. मदत करणाऱ्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती आता बाळगू नये. २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात घातलेले कलम १३४अ यांनी सद्‌हेतूने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास योजनेतील रुग्णालयांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळू शकतात. आणि धर्मादाय रुग्णालयाने तातडीच्या रुग्णास अनामत रकमेसाठी दारात थांबवू नये, हा आपल्यासाठी नियम तर आहेच, पण देणगीदारांनी ज्या हेतूने ही वास्तू उभी केली त्याचा तो अर्थही आहे.

या सर्वांचे सार मी सात प्रश्नांत मांडले आहे. बस ठरविताना दर विचारण्यापूर्वी हे सात प्रश्न विचारावेत.

१. चालक किती? सलग प्रवास आठ तासांहून अधिक असेल तर दुसरा चालक कोण, आणि त्याचा परवाना कोठे आहे?

२. चालक आदल्या रात्री कोणत्या फेरीवर होता, आणि आपल्या मुक्कामी तो कोठे झोपणार?

३. मध्यरात्र ते पहाट या वेळेत गाडी उभी राहील अशी आखणी करता येईल काय?

४. योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि परवाना यांची मुदत कधीपर्यंत आहे?

५. आपत्कालीन दार, छताची झडप, हातोड्या आणि अग्निशामक नळकांडे प्रत्यक्ष उघडून, हाताळून पाहिले काय?

६. टायर कोणत्या वर्षाचे आहेत, आणि सामान छतावर जाणार नाही ना?

७. प्रवाशांची यादी, आजार आणि घरच्या दूरध्वनीसह, कोणाजवळ ठेवली आहे?

हे प्रश्न छापलेला कागद आपल्या चौकशी खिडकीवर विनामूल्य ठेवण्यात येत आहे. बचत गटांच्या अध्यक्षा, मंडळांचे कार्यकर्ते, शाळांचे मुख्याध्यापक यांनी तो न्यावा. औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यांचे प्रतिनिधी देणगीदार म्हणून येथे उपस्थित आहेत, त्यांना माझी एक विशेष विनंती आहे. आपण कामगारांसाठी सहल ठरविता तेव्हा निविदेत सर्वांत कमी दराची अट असते. तीत दुसऱ्या चालकाची आणि चालकांच्या मुक्कामाची अट घालावी. ज्या मालकाने ही अट पाळली, त्याचा दर थोडा अधिक असला तरी काम त्यालाच द्यावे. दहा मोठ्या ग्राहकांनी असे केले, तर परिसरातील इतर मालकांनाही तसे करणे भाग पडेल. बाजार असाच सुधारतो.

माझी दुसरी विनंती रुग्णांच्या नातेवाइकांना आहे. आपण गावाकडे रात्रीच्या गाडीने जाता, तेव्हा संपूर्ण गाडी ठरविण्याचा अधिकार आपल्या हाती नसतो. तिकीट मात्र आपलेच असते. गाडीत चढताच बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवावी, चालक पेंगत आहे असे वाटले तर चार प्रवाशांनी मिळून गाडी थांबवावयास लावावी. अर्धा तास उशीर झाला, तर घरचे लोक रागावतील, इतकेच.

देणगीदारांनी दिलेला प्रत्येक रुपया कोठे खर्च झाला, हे सांगणे माझे काम आहे आणि ते मी आनंदाने करतो. परंतु अपघात विभागातील एखादी खाट रात्रभर रिकामी राहिली, तर तो खर्च वाया गेला असे मी कधीही मानणार नाही. ती खाट रिकामी राहावी यासाठी आपल्यापैकी प्रत्येकाने पुढच्या सहलीच्या वेळी दराआधी चालकाच्या झोपेची चौकशी करावी, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.